सहा ते नऊ

संप असला तरी सकाळी सहा ते नऊ गाड्या धावतात,
हा नियम मी नोएमीला तीनदा समजावला
आणि तिनं तीनदा विचारलं,
"आणि नवावर एक मिनिट झालं की?"
मी छत्तीस वर्षं गार्ड होतो. मला उत्तर ठाऊक होतं.
मी म्हटलं, बघू.

डोमोडोस्सोलाहून आठ दहाची गाडी.
डब्यात आम्ही दोघं, एक तरुण पाद्री,
आणि चीजचं अख्खं चाक मांडीवर घेऊन बसलेली बाई,
मिलानला बारशाला निघालेली.
नोएमीची सूटकेस लाल, तिच्या आईची.
एक चाक करकरतं. काल रात्री मी तेल घातलं,
तरी करकरतंच.

मग तळं आलं. धुक्यात अर्धंच आलं.
"घड्याळ बघू नका हो, पप्पा."
मी बघत नव्हतो. मला स्टेशनांवरून वेळ कळते:
स्ट्रेसा, बेलजिराते, मेइना.

आरोनाला गाडी नुसती थांबली नाही,
गप्प झाली.
आधी दिवे, मग पंखे, मग ती एक बारीक घरघर
जी बंद पडल्यावरच कळतं
की इतका वेळ सोबत होती.
ड्रायव्हर खाली उतरला आणि डब्याडब्यापाशी जाऊन
"माफ करा, नऊ वाजले" म्हणत राहिला.
हे त्याचं काम नव्हे. तो सरळ निघून जाऊ शकला असता.

बाईनं त्याला शिव्या घातल्या, चीज वितळेल म्हणाली,
नोव्हेंबरात.
पाद्र्यानं घातल्या नाहीत, पण तोंड तसंच केलं.
नोएमी माझ्याकडे बघत राहिली.

मी काय बोलणार?
त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात याच फलाटावर
आम्ही अशीच एक गाडी उभी केली होती.
तीत एक माणूस होता, फुलांचा पुडा घेऊन
कुणाच्या तरी मातीला निघालेला.
मला एक शब्द बोलला नाही तो.
फुलं बाकावर ठेवली आणि पायी निघाला.
संप मिटेपर्यंत मी ती पाण्यात ठेवली होती.
पगार वाढला. तो माणूस कुठवर पोचला, माहीत नाही.

ड्रायव्हरचं नाक मला ओळखीचं वाटलं.
"ओरेस्तेचा पोरगा ना तू?"
"तुल्लियो," तो म्हणाला, आणि टोपी काढली.
त्याची बायको त्याला न्यायला येत होती, जुन्या पांडातून.
मागे मुलाची खुर्ची, किराणा, एक सायकलचं चाक.
"जागा एकच आहे. विमानतळ वाटेवर नाही,
पण वाटेवरच म्हणा."
मी खिशात हात घातला. त्यानं माझ्याकडे बघितलं.
हात खिशातच राहिला.

विमानतळावर बोलायला मी एक वाक्य तयार ठेवलं होतं,
आठवडाभर घोकलेलं.
ते तिथल्या काचांसाठी होतं, लांब रांगेसाठी,
कॉफी घेता घेता सहज म्हणायचं.
इथे सूटकेस तिच्या मांडीवर,
मुलाचा बूट तिच्या खांद्याशी,
इंजिन चालू.
मी म्हटलं, "दार नीट लाव."
तिनं लावलं. मी ओढून पाहिलं,
छत्तीस वर्षांची सवय.
गाडी वळली तेव्हा कळलं,
सँडविचं माझ्याच पिशवीत राहिली.

फलाटावर पाटी वरपासून खालपर्यंत: रद्द, रद्द, रद्द.
पाद्री कुठे गेला कुणास ठाऊक.
बाई तिथेच होती, अजून पुटपुटत.
मी शेजारी बसलो. संध्याकाळच्या सहाला आठ तास बाकी.
सँडविच पुढे केलं. तिनं ते उघडून आत पाहिलं,
नाक मुरडलं,
पर्समधून सुरी काढली
आणि अख्खं चाक मधोमध चिरलं.
"गेलं बारसं," म्हणाली, "खा."

वर धुक्यातून एक विमान गेलं, दिसलं नाही.
नोएमीचं नव्हतं ते, तिचं दीडला आहे.
तरी आम्ही दोघांनी वर बघितलं,
घास तोंडात तसाच धरून.